पाच नंबरचा कागद, तीन नंबरचा कागद: युरोपियन कमिशनच्या प्लॅनचा माझा रिव्ह्यू

लोक मिक्सरचा रिव्ह्यू लिहितात, हॉटेलचा लिहितात, मी आज सरकारी कागदांचा लिहितेय, आणि तेही आपल्या सरकारच्या नाही, युरोपियन कमिशनच्या, म्हणजे युरोपियन युनियनमध्ये कायद्यांचे प्रस्ताव मांडणाऱ्या संस्थेच्या. त्यांची धोरणं, स्ट्रॅटेजी, ॲक्शन प्लॅन, जे काय ते ब्रसेल्सहून काढतात आणि युर-लेक्स नावाच्या साइटवर टाकतात, ते सगळं फुकट आहे, वाचायला लॉगिन लागत नाही, पण फुकट वस्तूसुद्धा नीट बनवलेली असते किंवा नसते. ही कुठे पक्की आहे नि कुठे पोकळ ते मला गेल्या तीन-चार वर्षांत बऱ्यापैकी कळलंय, म्हणून लिहायला बसले.

आधी माझं काम सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. गोव्यात सासष्टीत एका लहान फिश प्रोसेसिंग प्लांटमध्ये मी डॉक्युमेंटेशन बघते. माणकी (माकुल) आणि सुंगटं (कोळंबी) हा मुख्य माल, बराचसा युरोपला जातो, आणि युरोपला जाणाऱ्या, समुद्रात पकडलेल्या जवळजवळ सगळ्या मालाला कॅच सर्टिफिकेट लागतं. कुठली बोट, कुठे पकडलं, किती किलो, कुठल्या जेट्टीवर उतरवलं, सगळं त्यात, आणि एम्पिडाचा, म्हणजे समुद्री माल निर्यातीच्या सरकारी संस्थेचा, शिक्का पडल्याशिवाय कंटेनर हलत नाही. कुटबण जेट्टीवर तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) ओल्या हाताने वहीत लिहिलेला आकडा आणि आमच्या काट्यावरचा आकडा जुळवण्यात माझा अर्धा दिवस जातो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा टेबल रिकामं होतं, आणि हे सगळं वाचन त्या बंदीतल्या महिन्यांचं आहे.

सुरुवात मात्र भीतीने झाली. २०२२ च्या पावसात मडगावला एका कन्सल्टंटने सेमिनार घेतला. स्क्रीनवर हिरवीगार चित्रं, एक मोठं वर्तुळ, त्यात शेत, मासा, ताट, आणि खाली जाड अक्षरात की २०३० पर्यंत कीटकनाशकं ५० टक्के कमी, खतं २० टक्के कमी, जनावरांच्या आणि मत्स्यपालनाच्या अँटिबायोटिकची विक्री ५० टक्के कमी, २५ टक्के शेतजमीन सेंद्रिय. आणि तो म्हणाला, युरोपने हा कायदा केलाय, जो यात बसणार नाही त्याचा माल बंद. आमच्या पात्रांवांच्या, म्हणजे मालकांच्या, कपाळावर आठ्या, कारण त्यांच्या भावाचं सावईवेऱ्याला कुळागर (सुपारी-मसाल्याची बाग) आहे, त्यातली मिरी एका व्यापाऱ्यामार्फत बाहेर जाते, आणि इथे प्लांटमध्ये कल्चरची, म्हणजे तळ्यात वाढवलेली, सुंगटंही येतात. त्या माणसाने लगेच कम्प्लायन्स पॅकेज पुढे केलं, फी भरभक्कम. पात्रांवांनी दुसऱ्या दिवशी मला बोलावलं आणि म्हणाले, बाय, तू इंग्लिश वाचतेस ना, हा कायदा काढून बघ, मला चेक लिहायच्या आधी सांग.

मी काढला. फार्म टू फोर्क स्ट्रॅटेजी, म्हणजे शेतापासून जेवणापर्यंतच्या अन्नाची योजना, तारीख २० मे २०२०. वीसेक पानं. वाचत गेले, वाचत गेले आणि कलमच सापडेना. माझ्या डोळ्याला कॅच सर्टिफिकेटच्या कायद्याची सवय, तिथे कलम एक, कलम दोन, अमुक माणसाने तमुक तारखेच्या आत अमुक कागद द्यावा असं असतं. इथे सगळे परिच्छेद. कमिशन पावलं उचलेल, कमिशन अभ्यास करेल, कमिशन प्रस्ताव मांडेल. म्हटलं मी चुकीचा कागद उघडलाय की काय.

तर हा जो माझा गोंधळ झाला तो सुटला एका नंबरने, आणि या रिव्ह्यूमधली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे, बाकी नाही वाचलंत तरी चालेल. युर-लेक्सवर प्रत्येक कागदाला एक सेलेक्स नंबर असतो, पानाच्या वरच्या भागातच दिसतो. फार्म टू फोर्कचा नंबर आहे ५२०२०डीसी०३८१. यातलं २०२० म्हणजे वर्ष, डीसी म्हणजे कमिशनने बाकी संस्थांना कळवण्यासाठी काढलेल्या कागदांचा वर्ग, ०३८१ हा त्या वर्षाचा क्रमांक. पण पहिला आकडा बघा. ५ म्हणजे तयारीचे कागद, प्रस्ताव, इरादे, योजना. ३ म्हणजे झालेला कायदा. आमचा कॅच सर्टिफिकेटचा कायदा आहे ३२००८आर१००५, आर म्हणजे रेग्युलेशन, १ जानेवारी २०१० पासून लागू, त्याला मी रोज तोंड देते. सेमिनारमध्ये ज्याचं भय दाखवलं तो कागद पाचने सुरू होतो. हे मी पात्रांवांना कागदावर दोन्ही नंबर एकाखाली एक लिहून दाखवलं, त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि चेकबुक परत ड्रॉवरमध्ये ठेवलं.

मला त्या कन्सल्टंटचा राग आहेच, पण खरं सांगायचं तर त्याला तसं बोलायला जागा कोणी करून दिली हाही प्रश्न आहे. कमिशनची सवय अशी की मोठा प्लॅन काढला की एका दिवशी सात-आठ वस्तू एकदम बाहेर. प्रेस रिलीज, प्रश्नोत्तरं, फॅक्टशीट, व्हिडिओ, भाषण, मग मुख्य कागद, त्याचं परिशिष्ट, आणि कधी शेवटी कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी तयार केलेला जाडजूड अभ्यास. जगभर फिरते ती फॅक्टशीट. ती दिसायला फार सुरेख, आकडे मोठे, रंग छान, एका पानात मामला खलास. आणि त्या पानावर ५० टक्के हा आकडा इतका ठाम बसलेला असतो की वाचणाऱ्याला वाटतं झालं, ठरलं. तो कोणी ठरवलाय, अजून कोणाच्या सह्या लागायच्यात, पार्लमेंट आणि देशांची सरकारं काय म्हणतील, हे त्या पानावर कळत नाही. ग्रीन डील ही पर्यावरणाची मोठी योजना काढली त्या वेळी, ११ डिसेंबर २०१९ ला, कमिशनच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन म्हणाल्या की हा युरोपचा चंद्रावर माणूस पाठवण्यासारखा क्षण आहे. भाषणात हे शोभतं, मला ऐकताना बरंही वाटलं होतं, पण चंद्रावर माणूस गेला तेव्हा यान सुटायची तारीख आधी पक्की होती.

फॅक्टशीटला म्हणून माझे पाचात दोन. मुख्य कागदाला तीन. आणि परिशिष्टाला पूर्ण पाच, का ते सांगते.

परिशिष्ट म्हणजे शेवटची दोन-चार पानं, नुसता तक्ता. डावीकडे काम, उजवीकडे कधी. फार्म टू फोर्कच्या तक्त्यात २७ कामं आहेत. कोणी फोटो टाकत नाही, कोणी त्याचा व्हिडिओ करत नाही, आणि तोच भाग असा आहे की ज्याला बोट लावून विचारता येतं, हे झालं का? मला हे कोणी शिकवलं नाही, आमच्या दादाकाकांनी दाखवलं.

दादाकाका म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, वय ८६, फोंड्याला असतात. पन्नासच्या दशकात पणजीत आल्तिन्यावरच्या लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात, शिकलेले, म्हणजे घरात मराठी, देवळात मराठी, शाळेत पोर्तुगीज. १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर ती भाषा त्यांच्या उपयोगाची उरली नाही, पण डोक्यातून गेलीही नाही. युर-लेक्सवर एक सोय आहे जी मला जगात दुसरीकडे दिसली नाही, एकच कागद दोन किंवा तीन भाषांत शेजारी-शेजारी उघडता येतो, परिच्छेदाला परिच्छेद लागून. युरोपियन युनियनच्या २४ अधिकृत भाषा आहेत, १९५८ च्या पहिल्याच रेग्युलेशनने हे भाषांचं ठरवून टाकलं, तेव्हा चार होत्या, पोर्तुगीज १९८६ ला आली. मी एका रविवारी लॅपटॉप घेऊन गेले, डावीकडे इंग्लिश, उजवीकडे पोर्तुगीज, अक्षर मोठं केलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

पहिल्या ओळीलाच थांबले. इंग्लिशमध्ये फार्म टू फोर्क, पोर्तुगीजमध्ये दु प्रादु आउ प्रातु. म्हणाले, "बाय, हे शेत नव्हे गो. प्रादु म्हणजे कुरण, गुरं चरतात ते. आणि प्रातु म्हणजे ताट. कुरणापासून ताटापर्यंत." मग स्वतःशीच दोनदा म्हणून बघितलं, प्रादु, प्रातु, एका अक्षराचा फरक, त्यांना फार आवडलं. मला तेव्हा जाणवलं की तिथे भाषांतर करणाऱ्या माणसाने इंग्लिश नावाला नुसता पोर्तुगीज सदरा चढवला नाही, त्याच्या भाषेत लोकांच्या जिभेवर काय बसेल ते शोधलंय. सरकारी कागदात एवढी मेहनत! आपल्याकडच्या सरकारी मराठी नोटिसा आठवा, वाचताना दात दुखतात.

पण दादाकाकांनी खरी गोष्ट पकडली ती पुढे. पेन्सिल मागितली (मी प्रिंटही नेली होती, त्यांना स्क्रीनवर फार वेळ बघवत नाही) आणि क्रियापदांखाली रेघा मारायला लागले. "हे बघ, प्रोपोरा. मांडेल. इथेही मांडेल. इथे प्रोत्साहन देईल. इथे विचार करेल. करेल कुठेय?" वीस पानांत त्यांनी असं सगळं रंगवून काढलं, त्यांची पेन्सिल जिथे आत रुतली तो परिच्छेद मला अजून आठवतो, कारण सेमिनारमधला ५० टक्केचा आकडा तिथलाच होता. मग शेवटचं पान उलटलं, तक्ता दिसला आणि म्हणाले, "हां, हा खरा कागद. हा आधी का नाही लावला?"

त्या दिवसापासून मी कुठलीही स्ट्रॅटेजी मागून वाचते. आधी तक्ता, मग त्यातलं आपल्या कामाचं काम, मग तेवढाच परिच्छेद.

आता तक्त्याची कसोटी लावून बघू. ग्रीन डीलच्या तक्त्यात एक ओळ होती, क्लायमेट लॉचा प्रस्ताव, मार्च २०२०. प्रस्ताव आला ४ मार्च २०२० ला. मग वर्षभर भांडणं, वाटाघाटी, आणि ३० जून २०२१ ला तो कायदा झाला, नंबर ३२०२१आर१११९. त्यात २०५० पर्यंत क्लायमेट न्यूट्रल (जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषून हिशेब शून्य) आणि २०३० पर्यंत १९९० च्या तुलनेत उत्सर्जन निदान ५५ टक्के कमी, हे दोन्ही बांधून घेतलं. पाचचा कागद तीनचा झाला, तारखेला तारीख. हे कौतुक मी मनापासून करतेय.

आणि फार्म टू फोर्कच्या तक्त्यातली पहिलीच ओळ काय होती, सस्टेनेबल फूड सिस्टिमसाठी एक चौकट कायदा, प्रस्ताव २०२३ मध्ये. तो आलाच नाही. कीटकनाशकांचा प्रस्ताव आला, २२ जून २०२२, म्हणजे आमच्या सेमिनारच्या आसपासच, पण तो प्रस्ताव, पुन्हा पाचचाच. २२ नोव्हेंबर २०२३ ला युरोपियन पार्लमेंटने तो २९९ विरुद्ध २०७ मतांनी पाडला. मग शेतकरी ट्रॅक्टर घेऊन ब्रसेल्सच्या रस्त्यावर आले, आणि ६ फेब्रुवारी २०२४ ला कमिशनने तो मागे घेत असल्याचं जाहीर केलं. ज्या कायद्याच्या नावाने पात्रांवांकडून चेक घ्यायचा होता तो कायदा जन्मालाच आला नाही. (एक सांगून ठेवते, मालात कीटकनाशकाचा अंश किती चालेल ही मर्यादा वेगळ्या कायद्यात आहे, तो तीनचा आहे आणि लागूच आहे, कुळागरवाल्यांनी गफलत करू नये.)

माझी मोठी तक्रार इथे आहे. आज तुम्ही फार्म टू फोर्कचा मूळ कागद उघडलात तर तो २० मे २०२० ला होता तसाच ताजातवाना. त्या २७ ओळींपुढे कोणी बरोबर किंवा फुलीची खूण केलेली नाही. काढताना व्हिडिओ, भाषण, हिरवी वर्तुळं, आणि एखादी ओळ गळली की ती माहिती कुठे सापडते, तर कमिशनच्या वार्षिक वर्क प्रोग्रॅमच्या मागच्या परिशिष्टात, मागे घेतलेल्या प्रस्तावांच्या यादीत. तीही खरी आणि छापील असते, लपवलेली नाही, पण शोधायला माझ्यासारखी बंदीत रिकामी असलेली बाई लागते. आणि जे प्रस्ताव म्हणून कधी आलेच नाहीत ते त्या यादीतही नसतात, कारण मागे घ्यायला आधी मांडलेलं तर पाहिजे.

यावर औषध त्यांच्याच शेजारच्या घरात आहे. युरोपियन पार्लमेंटची लेजिस्लेटिव्ह ट्रेन म्हणून एक साइट आहे, प्रत्येक योजना म्हणजे एक गाडी, प्रत्येक कायदा म्हणजे डबा, आणि डब्यावर लिहिलेलं की नुसता जाहीर झालाय, मांडलाय, अडकलाय, मंजूर झालाय की मागे घेतलाय. तीन मिनिटांत कळतं. ही साइट मी आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना दाखवते. म्हणजे प्लॅन काढणारा एक आणि हिशेब ठेवणारा दुसरा, हेही एका परीने बरंच, पण मूळ कागदाच्या डोक्यावर एक लिंक द्यायला काय जातं हो?

जुने प्लॅनही मी काढून वाचले, तेव्हा कळलं की हा तक्त्याचा गुण काही आजचा नाही. १९८५ च्या जूनमध्ये कमिशनने सिंगल मार्केटचा, म्हणजे सगळ्या सदस्य देशांचा मिळून एकच बाजार करण्याचा, व्हाइट पेपर काढला, कमिशनमधल्या लॉर्ड कॉकफिल्ड यांचं काम. त्यात सुमारे ३०० कामांची यादी, प्रत्येकापुढे वेळापत्रक, आणि सगळ्याला एकच शेवटची तारीख, ३१ डिसेंबर १९९२. कंटाळवाणा कागद, चित्र नाही, घोषणा नाही, आणि त्यातलं बहुतेक वेळेत झालं. त्यानंतर मार्च २००० ची लिस्बन स्ट्रॅटेजी बघा. २०१० पर्यंत युरोप ही जगातली सगळ्यात स्पर्धाक्षम आणि गतिमान ज्ञानाधारित अर्थव्यवस्था होणार. वाक्य ऐकायला किती भारी! पण कोणाचं काम, कधी, ते देशोदेशी विखुरलेलं, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये नेदरलँड्सचे माजी पंतप्रधान विम कोक यांच्या समितीनेच सांगितलं की अजेंडा ओव्हरलोड झालाय, समन्वय नाही, एकमेकांच्या विरुद्ध प्राधान्यं आहेत. रिसर्चवर जीडीपीच्या ३ टक्के खर्च हे उद्दिष्ट २००२ ला बार्सिलोनाच्या बैठकीत २०१० साठी ठरलं, मग २०१० च्या युरोप २०२० स्ट्रॅटेजीत तेच ३ टक्के, दहा वर्षं पुढची तारीख टाकून, आणि अजूनही ते गाठलेलं नाही. कव्हर नवं, आतली ओळ तीच. मला याचा खेद वाटतो, कारण चांगल्या आकड्याची अशाने किंमत जाते, पुढच्या वेळी तोच आकडा खरोखर मनापासून लिहिला तरी कोण विश्वास ठेवणार.

आणि तीन नंबर आहे म्हणून डोळे मिटावेत असंही नाही, हे मला मासळीच्याच धंद्यात कळलं. युरोपच्या कॉमन फिशरीज पॉलिसीचा कायदा, २०१३ चा, ३२०१३आर१३८०, त्यात लिहिलंय की समुद्रातून किती मासे काढायचे ती मर्यादा शक्य तिथे २०१५ पर्यंत आणि सगळ्या साठ्यांसाठी उशिरात उशिरा २०२० पर्यंत अशा पातळीवर आणायची की माशांचा साठा टिकेल. २०२० आलं आणि गेलं, सगळे साठे काही त्या रेषेवर आले नाहीत. फरक एवढाच की तीनचा कागद असला की मच्छीमारांची संघटना असो, पर्यावरणवाले असोत, कोर्टात तो कागद टेबलावर ठेवून भांडता येतं. पाचचा कागद घेऊन कुठे जाणार?

युनायटेड नेशन्सचंही थोडं, कारण लोक हे सगळं एकाच पोत्यात घालतात. सप्टेंबर २०१५ ला सस्टेनेबल डेव्हलपमेंट गोल्स आली, १७ उद्दिष्टं, १६९ टार्गेट्स, ते रंगीत चाक तुम्ही शाळेच्या भिंतीवर, बँकेच्या कॅलेंडरवर, मंत्र्यांच्या कोटाला पिन म्हणून सगळीकडे बघितलंय. सादरीकरण म्हणून याला तोड नाही, माझ्या भाचीला पाचवीत १७ ही पाठ होती. पण ही उद्दिष्टं देशांवर कायदा म्हणून बंधनकारक नाहीत, कमिशनचे प्रस्ताव मंजूर झाले की ते होऊ शकतात, हा जमीन-अस्मानाचा फरक त्या चाकात दिसत नाही. चौदावं उद्दिष्ट समुद्राचं, त्यात १४.६ असं की २०२० पर्यंत बेसुमार मासेमारीला पोसणाऱ्या सबसिड्या बंद. त्याचा करार वर्ल्ड ट्रेड ऑर्गनायझेशनमध्ये झाला १७ जून २०२२ ला आणि लागू झाला १५ सप्टेंबर २०२५ ला. चौदाव्या उद्दिष्टाच्या निळ्या चौकोनातला मासा मात्र पहिल्या दिवसापासून हसतोय.

आता आपल्या घराकडे येते, कारण हे सगळं वाचताना मन सारखं इथेच येत होतं. मी कॉलेजला असताना रिजनल प्लॅन २०२१ चे, म्हणजे गोव्यात कुठली जमीन कशाला वापरायची त्या आराखड्याचे, गावनिहाय नकाशे पंचायतींत लावले होते. त्याआधीच्या, रिजनल प्लॅन २०११ नावाच्या प्लॅनवर सगळा गोवा रस्त्यावर आला होता आणि २००७ च्या सुरुवातीला सरकारला तो रद्द करावा लागला होता, म्हणून नव्या प्लॅनला आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांच्यासारखा माणूस टास्क फोर्सवर आणि नकाशे लोकांपुढे. माझे बाबा चष्मा लावून आमच्या शेताचा सर्व्हे नंबर त्या नकाशात बोटाने शोधत होते, मागे अख्खी रांग, कोणाला नाला दिसत नाही, कोणाचं देऊळ दुसरीकडेच दाखवलंय. गरम होत होतं, पंखा बंद, तरी कोणी हलत नव्हतं. प्लॅन लोकांपुढे मांडणं म्हणजे काय ते मी तेव्हा बघितलंय, युरोपच्या साइटवर नाही, आमच्या पंचायतीत. पुढे २०१२ ला सरकार बदललं आणि तो प्लॅन बाजूला ठेवला गेला. रांगेतल्या त्या लोकांनी लिहून दिलेल्या सूचनांचं काय झालं हे त्यांना घरी येऊन कोणी सांगितलं नाही.

कमिशनची हॅव युवर से साइट बघताना मला ती रांग आठवते. कुठलाही प्रस्ताव तयार होत असताना तिथे चार आठवडे मत मागवतात, मोठा असेल तर बारा आठवड्यांची प्रश्नावली, आणि आलेली मतं सगळ्यांना वाचायला खुली, कुठल्या देशातून आली त्यासकट. युरोपबाहेरच्यांनाही लिहिता येतं. शेतकरी, कंपन्या, सामान्य माणसं, कोणी शिव्याच दिल्यात, कोणी चाळीस पानांचा रिपोर्ट जोडलाय, सगळं तिथे आहे. माझ्या मते या सगळ्या सेवेतला हा सगळ्यात मोकळा कोपरा आहे, फक्त आपल्याकडच्या निर्यातदारांना त्याचा पत्ताच नाही.

भाषेचंही तेच. मार्च २०२० ला आपल्याकडे पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा आला, हिंदी आणि इंग्लिशमध्ये. तो आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत द्या असं दिल्ली हायकोर्टाला ३० जून २०२० ला सांगावं लागलं, म्हणजे मराठी आणि कोकणीसुद्धा त्यात आलीच. पश्चिम घाटाचा गाडगीळ समितीचा रिपोर्ट सरकारला ऑगस्ट २०११ ला मिळाला आणि लोकांना मे २०१२ मध्ये, तोही माहितीच्या अधिकारात भांडल्यावर. सत्तरी तालुक्यातल्या, सांगे तालुक्यातल्या ज्या माणसाच्या जमिनीबद्दल तो रिपोर्ट होता त्याने तो कुठल्या भाषेत वाचायचा होता? आणि पोर्तुगालमधल्या मच्छीमाराला मुख्य कागद त्याच्या भाषेत मिळतो, फोंड्यातल्या ८६ वर्षांच्या म्हाताऱ्यालाही तो वाचता येतो, हे बघून मला एकाच वेळी आनंद आणि वाईट वाटलं.

तरी तिथेही एक खोच आहे. जो जाडजूड अभ्यास असतो, ज्यात आकडे कुठून आले, पर्याय कुठले तपासले, कोणाचं नुकसान होणार हे असतं, तो बहुतेक वेळा फक्त इंग्लिशमध्ये असतो. गोषवारा २४ भाषांत, हिशेब एका भाषेत. दादाकाकांना तो भाग मला तोंडी मराठीत सांगावा लागतो, आणि ते दर दोन वाक्यांनी थांबवतात, "हे त्यांनी पोर्तुगीजांना का नाही सांगितलं?"

आता मार्क. शोधायला सोपं आहे का, हो, नंबर माहीत असेल तर. भाषा स्वच्छ आहे का, मुख्य कागदात रेझिलियन्स, ट्रान्झिशन, स्टेकहोल्डर असल्या शब्दांचा चिखल फार, पाय रुततो. तारखा देतात का, देतात, आणि मी बघितलेल्या कुठल्याही सरकारपेक्षा जास्त प्रामाणिकपणे देतात. तारीख चुकली तर स्वतःहून सांगतात का, नाही. एकूण माझे पाचात साडेतीन, आणि ते साडेतीनही बरेचसे त्या तक्त्याचे आणि शेजारी-शेजारी भाषा उघडण्याच्या सोयीचे.

कोणी वापरावी? माल बाहेर पाठवणाऱ्या प्रत्येकाने, काजूवाला असो, मसालेवाला असो, फर्निचरवाला असो. आमचंच सांगते. कॅच सर्टिफिकेट कागदावरून कॅच नावाच्या ऑनलाइन सिस्टिमवर न्यायचं, हे १० जानेवारी २०२६ पासून युरोपच्या आयातदारांना सक्तीचं झालं, आणि किती जणांची त्या वेळी धावपळ उडाली ते मी डोळ्यांनी बघितलं. पण त्याचा मूळ प्रस्ताव ३० मे २०१८ चा आहे, ५२०१८पीसी०३६८, पाचचा कागद. तो तीनचा झाला २०२३ च्या शेवटी. म्हणजे साडेसात वर्षं तो कागद उघडा पडला होता, फुकट, वीसहून जास्त भाषांत. आम्ही २०२४ च्या बंदीत वाचला आणि ऑफिसातल्या दोन्ही मुलींना आधीच बसवून शिकवलं, म्हणून जानेवारीत आमच्या प्लांटमध्ये रात्रीपर्यंत दिवे जळले नाहीत.

सध्या टेबलावर आहे ओशन पॅक्ट, ५ जून २०२५ चा, त्यात समुद्रासाठी एक नवा कायदा, ओशन ॲक्ट, २०२७ पर्यंत मांडू असं लिहिलंय. अजून पाचचाच आहे. दादाकाकांसाठी मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दिलीय, त्यांनी मांडूखाली रेघ मारून बाजूला २०२७ लिहून ठेवलंय. बाहेरून येणाऱ्या मासळीबद्दल त्यात नेमकं काय आहे ते मी अजून शोधतेय, कोणी वाचला असेल तर सांगा, पान नंबरासकट.